जिन्याखालची जागा

आमच्या ऑफिसच्या जिन्याखाली एक तिकोनी जागा आहे. तिथे उभं राहिलं तर डोकं आपटतं, बसलं तर दोन माणसं ऐसपैस मावतात. त्या जागेत बावीस वर्षं एक किल्ल्या बनवणारे गृहस्थ बसत. ऑफिसात त्यांना सगळे ‘दंतवैद्य’ म्हणत, कारण दिवसभर ते किल्ल्यांचे दात कोरत असत. हे नाव आमच्या शिपायाने ठेवलं होतं आणि त्यांनाही ते पसंत होतं. नवीन गिऱ्हाईक आलं की तेच म्हणत, “कुलपाची दाढ दुखतेय का? बसा.”

अंगाने काटकुळे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पण कडक इस्त्रीचा. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मांडीवर जाड कापड पसरलेलं असे, त्यावर पितळेचा आणि लोखंडाचा चुरा पडे. संध्याकाळी तो चुरा कागदात गोळा करून ते सोबत नेत. बावीस वर्षांत त्यांच्या जागेचा केर आमच्या झाडूवाल्या बाईंना कधी काढावा लागला नाही.

मी नोकरीला लागून तिसरं वर्ष असेल. एका सकाळी दप्तराच्या खोलीचं कुलूप अडकलं. तपासणीची मंडळी अकराला येणार, आणि सगळे कागद आत. तेव्हाचे मोठे साहेब दार फोडायलाच निघाले होते. तेवढ्यात शिपाई धावत जाऊन फूटपाथवरून यांना घेऊन आला. त्यांनी कोऱ्या किल्लीवर मेणबत्तीची काजळी धरली, ती कुलपात घालून हलकेच फिरवली आणि बाहेर काढून उजेडात पाहिली. काजळी जिथे खरवडली होती तिथे कानस मारली. परत काजळी, परत कुलूप, परत कानस.

“अहो, अजून किती वेळ?” साहेब येरझाऱ्या घालत होते.

“कुलूप सांगेल तितका,” यांनी मान वर केली नाही.

अकराला दहा मिनिटं कमी असताना दार उघडलं. साहेब इतके खूश झाले की म्हणाले, “उन्हात कशाला बसता? आमच्या जिन्याखाली बसा.” पुढे ते साहेब गेले, त्यांच्यानंतरचेही दोन गेले, पण हे बसत राहिले. दरवर्षी त्यांच्या परवानगीचं एका ओळीचं पत्र निघे. ते मी लिही, मीच सही करी. ते पत्र ते आपल्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवत. नवं पत्र जुन्यावर. शेवटी शेवटी त्या कागदांचा चांगला पुठ्ठा झाला होता.

ज्याला कुलूप उघडता येतं त्याच्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. ज्यांची किल्ली हरवली आहे ती, आणि ज्यांच्याकडे ती कधी नव्हतीच ती. दोघंही सारखीच घाईत असतात. या दोघांतला फरक ओळखायचा, हे त्यांचं खरं काम होतं. कानस घासणं हे त्यानंतरचं.

एकदा एक घरमालक आला. हातात घराचे कागद. म्हणाला, भाडेकरू गावाला गेलाय, खोलीत नळ फुटलाय, कुलूप उघडून द्या. दंतवैद्य म्हणाले, “नळ फुटला असेल तर खालच्या घराच्या छताला ओल आली असेल. चला, आधी ती बघू.” त्यांनी जाऊन बघितलं. छत कोरडं ठणठणीत. ते हात झाडून परत आले. मागोमाग घरमालक आरडाओरडा करत आला.

“तू किल्लीवाला आहेस की न्यायाधीश?”

“किल्लीवालाच. न्यायाधीशाला कुलपं उघडता येत नाहीत, म्हणून मला विचारावं लागतं.”

आणि त्याच महिन्यात एका बाईला तिच्या दिराने घराबाहेर काढून दाराला कुलूप लावलं होतं. ती अंगावरच्या कपड्यांनिशी आली. जवळ कागद नाही, ओळखपत्र नाही. यांनी विचारलं, “आत स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या अंगाला आहे?” तिने सांगितलं. मग तिच्या शेजारणीला विचारलं, “ही इथेच राहते?” शेजारीण हो म्हणाली. पाच मिनिटांत दार उघडं.

मला ते पटलं नव्हतं. मी वाणिज्य शाखेचा माणूस. कागद असेल तर आहे, नसेल तर नाही. दुपारी चहाला त्यांच्याजवळ स्टुलावर बसलो होतो तेव्हा म्हणालो, “असं चालत नाही. काहीतरी एक नियम ठेवा. कागद दाखवा, किल्ली घ्या.”

ते म्हणाले, “साहेब, तो नियम ठेवला असता तर ती बाई रस्त्यावर राहिली असती आणि तो घरमालक आत गेला असता. कागद त्याच्याकडे होते.”

मी विषय बदलला.

अजून एक सांगतो. एक वयस्कर गृहस्थ आले होते. त्यांच्या बायकोला विसरायला होत असे. तिने औषधांचं कपाट बंद करून किल्ली कुठेतरी ठेवली होती आणि कुणाला हात लावू देत नव्हती. दंतवैद्य घरी गेले. किल्ली बनवायला तास लागला असेल. बनल्यावर ती त्यांनी नवऱ्याकडे दिली नाही. आजींच्या हातात दिली आणि म्हणाले, “आजी, तुमची किल्ली सापडली. बघा बरं लागते का.” आजींनी स्वतः कपाट उघडलं. हे मला त्या गृहस्थांनीच नंतर सांगितलं. दंतवैद्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यांना माझी थट्टा करायची हौस होती. माझ्या टेबलामागे भिंतीवर किल्ल्यांचा फळा आहे. एकशे बारा खिळे, प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येक किल्लीला पत्र्याचा बिल्ला. कुणी किल्ली नेली की नोंदवहीत वेळ आणि सही. ते वर आले की त्या फळ्यासमोर उभे राहत आणि शिपायाला म्हणत, “साहेबांच्या घरी चमच्यांनाही नंबर असतील, नाही?” शिपाई म्हणे, “चमच्यांचं माहीत नाही, पण पाव्हण्यांना असतात.” मीही हसे. खरं सांगायचं तर मला तो गौरव वाटे.

आता मी जे केलं ते सांगायला हवं.

आमची मुलगी तेव्हा तेवीस वर्षांची होती. मी सुचवलेल्या लेखापालाच्या परीक्षेला ती बसत होती. अभ्यास करते असं म्हणे, निकालाचं विचारलं की “लागायचाय अजून” म्हणे. आणि अचानक तिने आपल्या कपाटाला नवं कुलूप आणून लावलं. आमच्या घरात आतल्या कपाटांना कधी कुलपं नव्हती. किल्ली तिच्याजवळ एकच, ती कायम तिच्या पर्समध्ये.

मी बायकोला म्हणालो, “हे काय नवीन?”

“मोठी झालीय ती. असू दे तिचं तिला.”

“असू दे म्हणजे काय? काहीतरी लपवतेय.”

“अहो, लपवणारच. तुम्ही तेवीस वर्षांचे असताना तुमच्या वडिलांना सगळं सांगत होतात?”

“मी लपवण्यासारखं काही करतच नव्हतो.”

“हो का? मग बिचाऱ्या वडिलांना सांगण्यासारखंही तुमच्याकडे काही नसेल,” असं म्हणून ती आत गेली.

मी आठ दिवस धुमसत होतो. मुलीला सरळ विचारावं हे सुचलं नाही असं नाही. पण विचारलं आणि ती नाही म्हणाली तर पुढे काय, हे मला माहीत नव्हतं. एका सोमवारी सकाळी ती अंघोळीला गेली असताना मी तिच्या पर्समधून किल्ली काढली आणि साबणाच्या नव्या वडीत दाबली. एक बाजू, मग दुसरी बाजू. किल्ली पुसली, होती तशी परत ठेवली. वडी कागदात गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकली. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पस्तीस माणसांची हजेरी तपासणारा मी, हे करत होतो आणि माझे हात कापत नव्हते.

त्या दिवशी मला खाली बसायला सवड झाली नाही. मंगळवारी दुपारी ती वडी मी दंतवैद्यांपुढे ठेवली.

त्यांनी कागद उलगडला. वडी उचलून नाकाशी नेली.

“अंघोळीचा आहे ना हा, साहेब?”

“हो.”

“मग अंघोळच करा याने.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसलो. ते हसले नाहीत.

“कुलूप कुणाचं आहे?”

“माझंच. घरातलं कपाट आहे.”

“तुमचं कपाट आणि किल्ली साबणात? तुम्ही तर पावसाळी छत्रीलाही जोड किल्ली ठेवाल. कुणाचं आहे?”

“मुलीचं आहे. पण घर माझं आहे.”

“घर तुमचं. कपाटाला कुलूप कुणी लावलंय?”

“तिने.”

“तिला घेऊन या. ती म्हणाली तर दहा किल्ल्या करून देतो, एक पैसा घेणार नाही.”

“तिला आणायचं असतं तर तुमच्याकडे आलो असतो का?”

“तेच म्हणतोय मी.”

जिन्यावरून माणसं येत-जात होती. मी आवाज खाली आणला. “हे बघा, मी तिचा बाप आहे. तिच्या भल्यासाठीच करतोय. आणि बावीस वर्षं आपण एकमेकांना ओळखतो.”

“ओळखतो म्हणून तर साबण परत देतोय. दुसरा कुणी असता तर फोडून टाकला असता.” त्यांनी वडी तशीच कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात ठेवली. मग जरा नरमून म्हणाले, “साहेब, लावणाऱ्याने काहीतरी विचार करूनच लावलेलं असतं. थोडे दिवस थांबा. पोर उघडेल आपणहून.”

त्यांनी हे शिपायासमोर म्हटलं नव्हतं, कुणासमोरच नव्हतं. तरी जिना चढताना माझे कान तापले होते. त्यांची जागा माझ्या सहीवर होती, हे त्यांना ठाऊक होतं. पत्राची मुदतही त्याच महिन्यात संपत होती, हेही ठाऊक होतं. तरी माणूस नाही म्हणाला. आज मला त्याचं मोल कळतं. त्या दुपारी मला त्यात फक्त उद्धटपणा दिसला.

बुधवारी सकाळी मी परिपत्रक काढलं. ‘विषय: जिन्याखालील जागा मोकळी ठेवण्याबाबत. आगीच्या प्रसंगी बाहेर पडण्याचा मार्ग निर्वेध असावा, तसेच इमारतीत उघडी ज्योत वापरली जाऊ नये, या दृष्टीने सदर जागा सात दिवसांच्या आत मोकळी करण्यात यावी.’ उघडी ज्योत म्हणजे त्यांची मेणबत्ती. मसुदा उत्तम होता. मोठ्या साहेबांनी वाचला आणि म्हणाले, “बरं केलंत, हे आधीच व्हायला हवं होतं.” त्यात एक शब्द खोटा नव्हता. अजून कुणी ती फाइल उघडली तर माझं कौतुकच करील.

शिपाई परिपत्रक खाली देऊन आला आणि माझ्या टेबलाजवळ घुटमळला.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“काही नाही. दोनदा वाचलं. मग म्हणाले, साहेबांचं अक्षर नाही यात, टाइप केलंय.”

“अजून काही?”

“नाही. पण साहेब, दंतवैद्य बावीस वर्षं...”

“तुझी कामं झाली का सगळी?”

तो गेला.

शनिवारी मी बाजारात गेलो. तिथे एका दुकानात किल्ल्यांचं मशीन आहे. दुकानदाराने साबण बघितला, माझ्याकडे बघितलंही नाही. पंधरा मिनिटांत किल्ली हातात. त्याने काहीही विचारलं नाही, आणि मला, खरं सांगतो, ते फार सोयीचं वाटलं.

रविवारी मायलेकी नातेवाइकांकडे गेल्या होत्या. मी कपाट उघडलं.

मला काय काय सापडेल असं वाटलं होतं ते आता लिहीत नाही. सापडले ते कागद. एका खणात अस्ताव्यस्त टाकलेले, काही उलटे, काही दुमडलेले. दोन निकालपत्रं होती. दोन्ही परीक्षांत ती नापास झाली होती. माती परीक्षणाच्या एका अभ्यासक्रमाचा अर्ज होता, अर्धा भरलेला. आणि तीन खर्डे होते. प्रत्येकाची सुरुवात एकच: ‘बाबा, तुम्हाला एक सांगायचं आहे.’ पहिला दोन ओळींवर थांबला होता. दुसरा पाऊण पान होता, पण त्यावर काट मारलेली. तिसरा जवळजवळ पूर्ण होता. त्यात एक वाक्य होतं: ‘तुम्ही रागवाल याची भीती नाही, तुम्ही गप्प बसाल याची आहे.’

ती मला सांगणारच होती. फक्त तिला वाक्य जमत नव्हतं.

मी ते तिन्ही वाचले. परत एकदा वाचले. मग सगळं होतं तसं ठेवलं, कुलूप लावलं आणि खिडकीशी जाऊन बसलो. बायको आल्यावर म्हणाली, “बरं नाही का?” मी म्हणालो, “ऊन लागलं असेल.”

मी सगळं होतं तसं ठेवलं असं माझं प्रामाणिक मत होतं. सोमवारी संध्याकाळी मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“बाबा, तुम्ही माझं कपाट उघडलंत.”

“मी?”

“कागदांच्या कडा जुळवल्यात. तारखेप्रमाणे लावलेत. वर निकाल, खाली अर्ज. मी कागद टाकते, बाबा. लावता तुम्ही.”

मला ते केल्याचं आठवतही नव्हतं. चोवीस-पंचवीस वर्षांची सवय, हातांनी आपणहून केलं असणार. चोरी करतानाही मी कागद नीट लावत होतो.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. मी म्हणालो, “तू नापास झालीस याचं मला काही...”

“ते मला सांगायचं होतं,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “आता सांगायला काही उरलंच नाही.”

तिने आत जाऊन किल्ली आणली, कपाटाच्या कुलपात घातली आणि कुलूप तसंच उघडं लटकवून ठेवलं. त्या दिवसापासून तिने आमच्या घरात कशालाही कुलूप लावलं नाही. आणि मला काहीही सांगितलं नाही. तो अभ्यासक्रम तिने केला, त्यातच चांगली नोकरी लागली, दुसऱ्या शहरात राहते. दर रविवारी फोन येतो. तब्येत, हवा, नळाला पाणी. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मिळतं. एखाद्या चांगल्या ऑफिसकडून यावं तसं.

पण मी दंतवैद्यांचं सांगत होतो. हे सगळं झालं तेव्हा सोमवार होता. परिपत्रकाची मुदत बुधवारी संपत होती. माझ्याकडे पुरे दोन दिवस होते. दंतवैद्य बरोबर होते आणि मी चूक, हे मला तेव्हा, त्या संध्याकाळीच, लख्ख कळलेलं होतं. परिपत्रक मागे घ्यायला एक ओळ पुरली असती.

मंगळवारी मी ती ओळ लिहायला बसलो. ‘उपरोक्त परिपत्रक रद्द करण्यात येत आहे.’ त्याच्या आधी कारण लागतं. आमच्याकडे कारणाशिवाय काही रद्द होत नाही, तो दंडक मीच पाडला होता. काय लिहिणार? आगीचा धोका टळला? मेणबत्ती आता पेटत नाही? मी कागद टेबलाच्या खणात टाकला आणि म्हटलं, उद्या बघू. बुधवार हजेरीपत्रकात गेला. गुरुवारी सकाळी आलो तेव्हा जागा रिकामी होती. केरसुद्धा नव्हता.

नंतर दोन वर्षं ते समोरच्या लाँड्रीच्या पत्र्याखाली बसत. मी रस्त्याच्या या बाजूने जाई, ते त्या बाजूला. मान वर करून ते नमस्कार करत, मीही करी. रस्ता ओलांडायला मला तिथे सिग्नल नव्हता, असं मी स्वतःला सांगत असे. मग लाँड्री बंद झाली. नंतर ते कुठे बसले, मला माहीत नाही. शिपाई निवृत्त होताना एवढंच म्हणाला, “दंतवैद्य मुलाकडे असतात आता. तुम्ही विचारत नाही म्हणून सांगितलं नाही.”

याला नऊ वर्षं झाली. आता माझी निवृत्ती आली म्हणून मी फायली लावतोय. पुढच्या माणसाला त्रास नको. त्यात ती फाइल हाती आली. मी वाचली. मग नवं पत्र लिहिलं: ‘श्री. … यांना जिन्याखालील जागेत बसून काम करण्याची परवानगी पूर्ववत देण्यात येत आहे.’ हल्लीच्या साहेबांनी न वाचताच संमती दिली. जुन्या शिपायाकडून पत्ता घेतला आणि परवा शनिवारी गेलो.

पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. दार सुनेने उघडलं. मी नाव सांगितलं, ते तिला कळलं नाही. ऑफिस सांगितलं तेव्हा तिच्या भुवया वर गेल्या. “अच्छा, जिन्यावाले साहेब!” मग जीभ चावून म्हणाली, “या ना, बसा. बाबा आत आहेत.” आमच्या ऑफिसात ते दंतवैद्य होते, त्यांच्या घरी मी जिन्यावाला. नऊ वर्षं मी त्या घरात या नावाने होतो.

ते खाटेवर बसले होते. शर्ट तसाच, इस्त्रीचा. मला त्यांनी लगेच ओळखलं. उठायला लागले, मी बसवलं.

“साहेब, केस पांढरे झाले की तुमचे. नंबर टाकलेत का प्रत्येकाला?”

मी हसलो. सुनेने चहा आणला. पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला, तरी थोडा चहा बशीत सांडला. मी दुसरीकडे बघत राहिलो. मग पत्र काढून दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचलं.

“यात कारण नाही लिहिलेलं.”

“नाही.”

“चालतं का तुमच्याकडे आता असं?”

“नाही चालत. पण लिहिलंय.”

त्यांनी पत्राची घडी घातली. बराच वेळ ते ती घडी बोटांनी दाबत होते, पण ती सरळ येत नव्हती.

“पत्र चांगलं आहे. पण मी येणार नाही, साहेब.”

“राग आहे, माहीत आहे मला. असायलाच हवा.”

“राग नाही हो.” त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं एकसारखी थरथरत होती. “हे बघा. कानस धरली की किल्लीला नको तिथे दात पडतात. चार वर्षं झाली. आता बसलो तर लोकांची चांगली कुलपं बिघडवीन. लोक जुन्या ओळखीने येतील, पैसे देतील, काही बोलणारही नाहीत. पण ते बरं नाही.”

“कानस दुसरा कुणी मारील. तुम्ही नुसते बसा. गिऱ्हाइकाशी बोला.”

“नुसतं बसायला जागा कशाला अडवायची?” ते म्हणाले. “चार वर्षांपूर्वी आला असतात तर धावत आलो असतो.”

जे सांगायला आलो होतो तेच अजून सांगितलं नव्हतं. शेवटी म्हणालो, “तुम्ही तेव्हा बरोबर होतात. मी दुसरीकडून किल्ली करून घेतली. व्हायचं ते झालं. मुलगी तुटली.”

“येते का घरी?”

“येते. बोलतेही. पण तुटली.”

“वाईट झालं,” एवढंच म्हणाले. मग, “तिच्यापाशी बोललात का हे? माझ्यापाशी बोललात तसं?”

“नाही.”

“अरेरे,” ते म्हणाले, आणि मला वाटतं, संबंध भेटीत तेवढं एकच त्यांना मनापासून लागलं.

निघताना ते दारापर्यंत आले. एक हात भिंतीला. मी चप्पल घालत होतो तेव्हा म्हणाले, “एक सांगू का, साहेब? परिपत्रकाचं मला तेव्हाही वाईट वाटलं नव्हतं. माणूस चिडतो. मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल. मी सामान बांधून ठेवलं होतं, पण उचललं नव्हतं. शेवटच्या दिवशी तुम्ही सुटायच्या वेळेपर्यंत बसून राहिलो. म्हटलं, खाली येतील, म्हणतील, राहू द्या हो, बसा.”

“मग?”

“तुम्ही खाली आलात. माझ्यासमोर थांबलातही. मी उठलो. तुम्ही घड्याळ बघितलंत आणि गेलात.”

घड्याळ बघितल्याचं मला आठवत नाही. रस्ताभर मी आठवायचा प्रयत्न केला. पण बघितलंच असणार. सुटायच्या वेळेला मी रोज बघतो.